पहिल्या क्रमांकाचें ऋण

ज्येष्ठ सरून आषाढाच्या सरी सुरू झाल्या, कीं कल्याणच्या पुढें लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस वसलेल्या तीन नगरांत एक ठराविक समारंभ ठिकठिकाणीं होऊं लागतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीं तीन नगरें. आणि समारंभ म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. कधीं तो शाळेच्या सभागृहांत होतो, कधीं ज्ञातिसंस्थेच्या कार्यालयांत, कधीं पतपेढीच्या गच्चीवर, तर कधीं एखाद्या उत्सव मंडळानें ताडपत्री बांधून उभारलेल्या मांडवांत. मेजावर हार, नारळ आणि पुष्पगुच्छ मांडून ठेवलेले असतात. दहावीच्या परीक्षेंत अग्रस्थानीं आलेलीं मुलें पहिल्या रांगेंत अवघडून बसलेलीं असतात. वडीलधाऱ्यांचीं भाषणें होतात, बक्षिसें वांटलीं जातात, आणि अखेरीस अध्यक्ष त्यांतल्या पहिल्या मुलाला अथवा मुलीला दोन शब्द बोलावयास सांगतात.

ते दोन शब्द बहुधा ठरलेले असतात. यशाचें श्रेय आईवडिलांना आणि गुरुजनांना आहे, नियमित अभ्यास केल्यास यश हमखास मिळतें, पुढें अमुक होण्याचा मानस आहे, असें तें मूल सांगतें. टाळ्या पडतात, छायाचित्र निघतें, पेढा हातांवर येतो आणि सभा विसर्जन पावते. मूल खोटें बोललेलें नसतें. परंतु ज्या वास्तूंत त्यानें आयुष्याचीं दहा वर्षें घालविलीं, तिच्याविषयीं त्यानें काय सांगितलें, असें घरीं परततांना कोणीं कोणाला विचारलें, तर उत्तर देणें कठीण पडेल. शाळेनें दिलें काय, हा प्रश्न त्या सभेंत राहूनच जातो. प्रस्तुत भाषणाचा विषय तो राहून गेलेला प्रश्न आहे.

शालान्त परीक्षेला मराठी घरांत जें स्थान मिळालें आहे, तें आजकालचें नव्हे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेण्यांत आली. 'मॅट्रिक' हा शब्द तेव्हांपासून मराठींत असा रुजला, कीं नोकरीचा अर्ज आणि मुलीचें स्थळ या दोन्ही ठिकाणीं तो सारख्याच वजनानें उच्चारला जाऊं लागला. १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस. एस. सी. परीक्षेनें घेतली, १९७५ पासून ती अकरावीच्या ऐवजीं दहावीच्या अखेरीस होऊं लागली. नांव बदललें, इयत्ता बदलली, परंतु निकालाच्या दिवशीं घरांत पसरणारी शांतता मात्र तीच राहिली.

पुष्कळ वर्षें मंडळाकडून गुणवत्ता यादी प्रसिद्ध होत असे. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर त्या मुलांचीं छायाचित्रें झळकत. त्यांनीं रोज किती तास अभ्यास केला, पहांटे किती वाजतां उठत, असे प्रश्न विचारले जात. पुढें ही यादी काढणें मंडळानें थांबविलें, आणि एकट्यादुकट्या गुणासाठीं चाललेली जीवघेणी चढाओढ कमी व्हावी अशी आशा बाळगली गेली. ती आशा कितपत फळाला आली, हें २०२५ च्या निकालावरून पाहतां येईल. त्या वर्षीं राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. सर्वोत्तम पांच विषयांचे गुण धरण्याची पद्धति आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण यांमुळें शंभराचा आंकडा आतां अशक्य राहिलेला नाहीं. त्याच निकालांत २८५ मुलें नेमके ३५ टक्के मिळवून उत्तीर्ण झालीं. यादी गेली, पण तिच्या जागीं शाळाशाळांच्या दारांवर फलक आले. चौकांतल्या त्या फलकांवर २११ मधील मुलें दिसतात. २८५ मधील मुलांचा फलक कोणी लावीत नाहीं.

मात्र या तीन नगरांत परीक्षेचें महत्त्व केवळ हौसेंतून आलेलें नाहीं. त्यास वस्तीचा इतिहास कारण आहे. उल्हासनगर हें हळूहळू वाढून झालेलें गांव नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यांत आली होती. 'कल्याण कँप' ती हीच. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली, आणि सिंधमधून घरदार टाकून आलेल्या सहस्रावधि लोकांना या छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें ही वसाहत उल्हासनगर या नांवानें नगर म्हणून उदयास आली. नांव उल्हास नदीवरून पडलें. बराकींत उल्हास वाटण्यासारखें त्या वेळीं फारसें कांहीं नव्हतें. मधोमध गोणपाटाचे पडदे टाकून एकेका बराकींत अनेक कुटुंबें राहत. शेत, पेढी, दुकान, वाडा यांपैकीं कांहींही त्यांना बरोबर आणतां आलें नव्हतें. अशा माणसांनीं मुलांना शाळेंत घातलें, कारण सीमेच्या अलीकडे-पलीकडे नेतां येईल आणि कोणालाही हिरावून घेतां येणार नाहीं अशी तीच एक मत्ता उरली होती.

या समाजाची विद्येविषयींची जिद्द त्याच्या संस्थांत दिसते. सिंधमधील हैदराबादेस १९२२ सालीं निघालेल्या नॅशनल कॉलेजाचा वारसा प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर एच. जी. अडवाणी यांनीं १९४९ सालीं मुंबईंत नव्यानें उभा केला. त्यांच्याच मंडळाचें चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय १९६५ सालीं उल्हासनगरांत सुरू झालें. छावणीच्या भूमीवर महाविद्यालय उभें राहण्यास पुरीं वीस वर्षेंही लागलीं नाहींत. परंतु या यशाची एक किंमतही त्या समाजानें मोजली. प्रारंभींच्या शाळा सिंधी माध्यमाच्या होत्या. पुढें पोटापाण्याच्या दृष्टीनें इंग्रजी माध्यम श्रेयस्कर वाटूं लागलें आणि सिंधी शाळांतील पट कमी होत गेला. १९६७ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत सिंधी भाषेला स्थान मिळालें खरें, पण बांकावरची जागा तिनें तोंवर गमवावयास सुरुवात केली होती. आज एखाद्या घरांतील नातू तीन भाषांत उत्तम गुण मिळवून सत्कार घेतो, आणि त्याच घरांतील जुन्या पेटींत आजोबांनीं अरबी वळणाच्या सिंधी लिपींत लिहिलेलीं पत्रें वाचणाराची वाट पाहत पडून असतात. शाळेनें काय दिलें याचा हिशेब मांडतांना शाळेच्या वाटेवर काय सुटलें, तेंही त्या नातवाला केव्हां तरी मांडावें लागेल.

पुढचें स्थानक अंबरनाथ. येथें शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखाचें शिवमंदिर आहे. त्याच्या भिंतींवरील कोरीव काम पाहून दगडाला हात लावणाऱ्या त्या अनाम शिष्यांस कोणीं व कसें शिकविलें असेल, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. विसाव्या शतकांत येथें काडेपेट्यांचा कारखाना आला, रसायनांचे कारखाने आले, आणि स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याची निर्माणी आली. गांवाची घटका भोंग्यावर चालूं लागली. रात्रपाळी संपवून बाप घरीं येतो, त्याच वेळीं मुलगा दप्तर घेऊन बाहेर पडतो. उंबरठ्यावर दोघांची गांठ पडते, तेवढीच. ज्या हातांना यंत्राचें तेल लागलें आहे, त्या हातांनीं मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करतांना कागद मळूं नये म्हणून केलेली धडपड हें तेथील कित्येक घरांतलें खरें गुणगौरवाचें दृश्य आहे.

बदलापूर त्याहूनही वेगळें. १८५६ सालीं या बाजूस आगगाडी आली, तरी पुढें शंभर वर्षें हा मुलूख मुख्यतः भातशेतीचाच राहिला. मुंबईंत नोकरदारास जागा घेणें परवडेनासें झालें, तेव्हां लोक डोंबिवलीच्या, कल्याणच्या आणि शेवटीं बदलापूरच्या पलीकडे सरकत गेले. आतां घरांतील कर्तीं माणसें पहांटेच्या लोकलनें निघतात आणि रात्रीं परततात. परिणाम असा, कीं दिवसाच्या उजेडांत मुलाचा चेहरा पाहण्याचा योग आईबापांहून शिक्षकांनाच अधिक येतो. मूल आज गप्प कां आहे, त्यानें डबा कां खाल्ला नाहीं, हें प्रथम वर्गांतल्या बाईंच्या ध्यानांत येतें. निर्वासितांची वसाहत, कामगारांची वस्ती आणि चाकरमान्यांचें गांव, असा तीन ठिकाणचा तीन तऱ्हेचा इतिहास आहे. पण शाळेवर टाकलेला भार तिन्ही ठिकाणीं एकसारखाच जड आहे.

अशा घरांतून वर आलेला विद्यार्थी मोठेपणीं शाळेविषयीं काय सांगतो, याचें एक उदाहरण सर्वश्रुत आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर हे मूळचे गोव्यांतील माशेलचे. वडिलांचें छत्र लहानपणींच हरपलें आणि आईनें मुंबईंत मिळेल तें काम करून मुलाला वाढविलें. माध्यमिक शाळेंत नांव घालण्यास २१ रुपये हवे होते आणि तेही घरांत नव्हते. मोलकरणीचें काम करणाऱ्या एका बाईनें ते दिले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलाच्या पायांत वहाणा नव्हत्या, आणि अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखालीं चाले. १९६० च्या शालान्त परीक्षेंत सुमारें १ लाख ३५ हजार विद्यार्थ्यांत तो अकरावा आला. पुढें तोच मुलगा १९९५ ते २००६ या काळांत देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा महासंचालक झाला.

डॉ. माशेलकरांनीं आपल्या शाळेची, म्हणजे गिरगांवांतील युनियन हायस्कूलची आठवण अनेक व्यासपीठांवरून सांगितली आहे. त्या आठवणींत गुणांच्या आंकड्यांहून एक भिंग अधिक ठळकपणें येतें. विज्ञान शिकविणाऱ्या भावे सरांनीं एके दिवशीं मुलांना वर्गांतून बाहेर उन्हांत नेलें, भिंगानें सूर्याचे किरण कागदावर एका बिंदूंत आणले आणि कागद जळूं लागला. मनुष्यानें आपली शक्ति अशी एकवटली तर त्याला असाध्य तें काय, असा त्यांचा आशय होता. पाठ्यपुस्तकांत नाभीय अंतराची व्याख्या होतीच. ती पाठ करून दोन गुण मिळविणारीं मुलें शेंकडों होतीं. परंतु मास्तरांनीं उन्हांत उभें राहून पुस्तकांतील रेघ जिवंत केली, आणि एका मुलाच्या मनाला जन्माची दिशा मिळाली. या साऱ्या हकीकतींत अकरावा क्रमांक एकट्याच्या नांवावर आहे. पण २१ रुपये, रस्त्यावरचा दिवा, आईचे कष्ट आणि भावे सरांचें भिंग यांचा त्यांत वांटा आहे. क्रमांक हा असा सामाईक मालमत्तेसारखा असतो. दाखल्यावर एकच नांव लिहिण्याची सोय असल्यामुळें बाकींचीं नांवें गाळावीं लागतात, इतकेंच.

हें ऋण ओळखून तें फेडणारांची परंपराही महाराष्ट्रांत आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दापोलीजवळच्या मुर्डी गांवचे. नात्यांतील धोंडो केशव कर्वे यांनीं त्यांना शिक्षणासाठीं मुंबईस आपल्या घरीं आणून ठेवलें. कर्व्यांचें स्वतःचें विद्यार्थिजीवन कसें गेलें, तें त्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आत्मवृत्ता'त मोकळेपणानें सांगितलें आहे. परीक्षेस बसण्यासाठीं ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभरांहून अधिक मैल भर पावसांत, डोंगर चढून पायीं गेले. आणि तेथें पोचल्यावर, मुलगा वयानें लहान दिसतो या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. ज्याला दाराबाहेर उभें केलें गेलें, त्यानेंच पुढें दुसऱ्याच्या मुलाला घरांत घेतलें. परांजपे १८९९ सालीं केंब्रिज येथील गणिताच्या परीक्षेंत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. साऱ्या हिंदुस्थानांत त्यांचा जयजयकार झाला. त्या यशाच्या बळावर हवी ती सरकारी जागा त्यांना मिळूं शकली असती. परंतु जाण्यापूर्वीं दिलेला शब्द पाळून ते पुण्यास परतले आणि फर्ग्युसन महाविद्यालयांत अल्प वेतनावर गणित शिकवूं लागले. त्यांचें सत्काराला उत्तर हें असें होतें; त्याला भाषणाची गरज नव्हती.

शाळेनें दिलेलें जें कांहीं जन्मभर टिकतें, तें बहुधा परीक्षेसाठीं म्हणून शिकलेलें नसतें, याची साक्ष चिंतामणराव देशमुख यांच्या चरित्रांत मिळते. महाडजवळच्या नाते गांवचा हा मुलगा १९१२ सालीं मॅट्रिकला पहिला आला आणि संस्कृतासाठीं असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तिही त्यानेंच मिळविली. पुढें केंब्रिज, आय. सी. एस. च्या परीक्षेंत पहिलें स्थान, १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री अशी पदें त्यांना लाभलीं. नोटा आणि अंदाजपत्रकें यांच्या ढिगांत आयुष्य गेलेल्या या गृहस्थांनीं कालिदासाच्या 'मेघदूता'चा मराठींत अनुवाद केला. शिष्यवृत्तीची रक्कम केव्हांच खर्च झाली होती. संस्कृत मात्र खर्च झालें नाहीं.

इथपर्यंतचीं उदाहरणें ऐकून शाळा म्हणजे केवळ गोड आठवणींचें माहेरघर आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो समज खरा नव्हे. १९०७ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक उत्तीर्ण झाले. त्यांना ७५० पैकीं २८२ गुण मिळाले. आजच्या फलकांवर त्या गुणांना जागा मिळाली नसती. तरीही त्यांच्या सत्कारासाठीं सभा भरली, सीताराम केशव बोले तिचे अध्यक्ष होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनीं आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातीं दिलें. कोणत्याही मराठी सत्कारसमारंभांत दिल्या गेलेल्या पुस्तकानें यापेक्षां मोठें कार्य केल्याचें ऐकिवांत नाहीं. पण त्या मुलाच्या शाळेच्या आठवणींत बसावयास घरून आणलेलें गोणपाट होतें. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायानें नळ सोडला तर पाणी मिळे, शिपाई नसला तर मिळत नसे. संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण त्या मुलास संस्कृत नाकारण्यांत आलें आणि फारसी घ्यावी लागली. देशमुखांना ज्या विषयानें जन्मभर सोबत केली, त्या विषयाचें दार आंबेडकरांना पांचच वर्षांपूर्वीं त्याच शहरांत बंद होतें. २८२ गुणांचें मोल करतांना हा भेद लक्षांत घेतला नाहीं, तर गुणांची बेरीज बरोबर येऊनही हिशेब चुकतो.

हा भेद सर्वस्वीं इतिहासजमा झाला आहे असेंही नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापुरांतील एका शाळेंत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें आणि २० ऑगस्टला सहस्रावधि नागरिक रेल्वेच्या रुळांवर उतरले. गाड्या कित्येक तास थांबल्या. पहांटे ज्या गाडीनें मुलांना शाळेच्या भरंवशावर ठेवून जावें लागतें, तीच गाडी त्या दिवशीं आईबापांनीं अडविली. त्यांचा तो क्षोभ गुणांसाठीं नव्हता. शाळेची पहिली परीक्षा पटावरील सर्वांत लहान मूल तेथें निर्भय आहे कीं नाहीं ही होय. आणि ती उत्तीर्ण झाल्यावांचून दहावीच्या शंभर टक्क्यांना अर्थ नाहीं, हें त्या दिवशीं गांवानें सांगितलें.

गुण आणि शाळा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, याचा अनुभव याच्याही आधीं एका संपूर्ण पिढीला आला. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या. त्या वर्षींच्या दहावीचा भूगोलाचा पेपर व्हावयाचा राहिला तो राहिलाच. २०२१ सालीं तर सबंध परीक्षाच रद्द करण्यांत आली. अंतर्गत मूल्यमापनावरून गुण देण्यांत आले आणि १६ जुलैला जाहीर झालेला निकाल ९९.९५ टक्के लागला. एवढा मोठा निकाल पूर्वीं कधीं कोणीं ऐकला नव्हता. परीक्षेची धास्ती नाहीं आणि गुण भरपूर. मुलांच्या आनंदाला पारावार राहूं नये असा हा योग. तरीही त्या मुलांच्या मनांत हुरहुरच अधिक राहिली. एका खोलींत दोन भावंडें आणि एकच भ्रमणध्वनि, असे दिवस त्यांनीं काढले होते. त्यांना निरोपसमारंभ मिळाला नाहीं, शेवटच्या दिवशीं फळ्यावर नांवें लिहावयास मिळालीं नाहींत, मधल्या सुट्टींतला दुसऱ्याच्या डब्यांतला घांस मिळाला नाहीं. गुणपत्रिका हातीं आली, शाळा मात्र आली नाहीं. मुलें ज्यासाठीं हुरहुरलीं तीच शाळा होती. आणि तिचें मोजमाप गुणपत्रिकेच्या कोणत्याच रकान्यांत करण्याची सोय नाहीं.

आतां पुन्हां त्या आषाढांतल्या मांडवाकडे वळावें. बाहेर पाऊस पडत आहे, लोकलच्या भोंग्यानें मधून मधून वक्त्याचें वाक्य बुडत आहे, आणि अध्यक्षांनीं पहिल्या आलेल्या मुलीला दोन शब्द बोलावयास सांगितलें आहे. पाठ केलेले चार वाक्यांचे उत्तर बाजूस ठेवून ती मनांतलें सांगूं लागली, तर काय सांगेल? तापानें तीन आठवडे घरीं असतांना जिनें रोज आपली वही आणून दिली, त्या मैत्रिणीचें नांव ती सांगेल. फळ्यावर स्वतःचें उत्तर चुकल्याचें भर वर्गांत कबूल करून गणित पुन्हां सोडविणाऱ्या सरांविषयीं ती सांगेल. कारण चूक मान्य करण्यांत कमीपणा नसतो, हा धडा कोणत्याच पुस्तकांत नव्हता. पावसांत चिंब भिजून आलेल्या मुलींना कोरड्या खोलींत बसवून मग घंटा देणाऱ्या शिपाईमामांचें नांव ती घेईल. एखाद्या शिक्षिकेनें टाकून बोललेला शब्दही कदाचित् ती सांगेल, आणि सभा क्षणभर अस्वस्थ होईल. तशी ती झाली तर बिघडणार नाहीं. ज्या सभेंत मुलांना खरें बोलतां येतें, ती सभाही शाळाच होय.

परंतु मुलगी असें बोलेल, तें तिला कोणीं तसें विचारलें तरच. अभ्यास किती तास केलास आणि पुढें काय होणार, या दोन प्रश्नांपलीकडे मोठीं माणसें जात नाहींत; म्हणून मुलांचीं उत्तरेंही त्यांपलीकडे जात नाहींत. घरोघरीं निकालाचे पेढे येतात तेव्हां आणखी एक प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं. तो प्रश्न साधाच आहे. बांकावर शेजारीं कोण बसत असे, आणि तें मूल आतां पुढें काय करणार आहे?

त्या शेजारच्या मुलाला कदाचित् पस्तीस टक्के मिळाले असतील. कदाचित् बापाची नोकरी सुटल्यानें तें अंबरनाथच्या एखाद्या कारखान्यांत उमेदवारी करूं लागलें असेल, किंवा उल्हासनगरच्या बाजारांत दुकानाच्या फळीवर उभें असेल. दहा वर्षें दोघांनीं एकच खिडकी, एकच फळा आणि एकच घंटा वांटून घेतली होती. पहिल्या आलेल्या मुलास त्याचें नांव आणि त्याचा पत्ता सांगतां आला, तर शाळेनें आपलें काम केलें असें समजावें. सांगतां आला नाहीं, तर पेढा खाऊन झाल्यावर त्याला त्या घरीं एकदां जाऊन येण्यास सांगावें. गुणपत्रिका दाखविण्यासाठीं नव्हे; नुसतें भेटण्यासाठीं.